पनामा कालव्याच्या क्रूझसाठी केबिन कोणती घ्यावी: आतली, खिडकीची की बाल्कनीची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सोलापुरातून तुम्ही चौघं निघणार, तुम्ही नवरा-बायको आणि तुमचे आई-बाबा. बाबा ६८ वर्षांचे, आई ६४च्या आणि त्यांचे गुडघे दुखतात. फ्लोरिडाहून निघून पनामा कालवा पार करणारी क्रूझ घ्यायची आहे. केबिन आतली, खिडकीची की बाल्कनीची, कोणत्या बाजूची, आणि बाल्कनीचे जादा पैसे वसूल होतात का?

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं उजनीच्या कालव्यांवर गेली. मुलाने अमेरिकेला बोलावलं तेव्हा सौ.ला घेऊन हीच क्रूझ केली, अटलांटिककडून पॅसिफिककडे, कालवा पूर्ण पार करून. केबिन निवडताना आमची एक चूक झाली. तुमच्या आईंच्या बाबतीत ती होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगतो. दोन केबिन घ्या. आई-बाबांना बाल्कनीची, जहाजाच्या मध्यावर आणि लिफ्टच्या जवळ. तुम्हा दोघांना त्याच बोळात समोरच्या बाजूची आतली, बिनखिडकीची. दोन बाल्कन्यांपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं, आणि बसायला बाल्कनी चौघांनाही मिळते. चौघांची एकच केबिन घेऊ नका. तिसरा-चौथा पलंग बहुतेक वेळा छतातून किंवा भिंतीतून खाली उतरवलेला असतो, शिडीने चढावं लागतं, आणि रात्री बाथरूमला जाणाऱ्याला बाकीच्यांच्या बॅगा ओलांडाव्या लागतात.

आता कारणं. कालवा पार करायचा दिवस एकच असतो. बाकीचे आठ, दहा, चौदा दिवस समुद्र आणि बंदरं. त्या एका दिवशी धडधाकट माणूस केबिनमध्ये थांबतच नाही. बऱ्याच जहाजांवर पुढच्या टोकाचा, एरवी बंद असलेला डेक त्या दिवशी उघडतात, भोंग्यावरून माहिती सांगत असतात आणि पहाटेपासून लोक कठड्याला जागा धरून उभे राहतात. मी साडेपाचला गेलो होतो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती, त्यामुळे नाश्त्यासाठी जागा सोडावी लागली नाही. म्हणजे तुमच्यासारख्या तरुणांनी फक्त कालव्यासाठी बाल्कनी घ्यायची गरज नाही. तुमच्या आईंचं मात्र तसं नाही.

आमच्या सौ.चेही गुडघे तसेच. ती माझ्याबरोबर वर आली, अर्धा तास उभी राहिली. बसायला खुर्ची शिल्लक नव्हती. ऊन तर होतंच, पण त्याहून वाईट होती ती दमट हवा. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीसची सवय आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. तिथे पारा तिशीच्या आसपासच राहतो, पण अंगावरचा घाम वाळतच नाही. सोलापूरचा घाम वाऱ्याने उडून जातो, तिथला कपड्यांत मुरतो. ती खाली केबिनमध्ये गेली आणि मी उरलेला दिवस वरच काढला. लग्नाला ३८ वर्षं झाली होती. आयुष्यात एकदाच बघायची गोष्ट, आणि ती आम्ही वेगवेगळी बघितली. बाल्कनीत खुर्ची टाकून बसली असती तर मी दर तासाला खाली जाऊन तिच्या शेजारी बसलो असतो. जादा पैसे वसूल होतात का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे.

आमची केबिन होती खिडकीची, खालच्या मजल्यावर, पार पुढच्या टोकाला. ती आम्ही निवडलीच नव्हती. एजंटने 'गॅरंटी' दरात बुकिंग केलं. चांगलं काहीतरी हमखास मिळणार, एवढंच मला त्या शब्दावरून वाटलं. प्रत्यक्षात हमी मिळते ती फक्त प्रकाराची. खोलीचा नंबर कंपनी आपल्या सोयीने नंतर देते. आम्हाला मिळाली ती नांगराच्या साखळीजवळची. ज्या बंदरात जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं, तिथे पहाटे ती साखळी सुटली की सौ. दचकून उठून बसायची. आई-बाबांसाठी नंबर बघून, नकाशावर बोट ठेवून केबिन घ्या. खाली नाट्यगृह नको आणि डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा हॉल नको. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप चांगली लागते. नकाशात 'दृश्याला अडथळा' अशी खूण असेल तर समोर लटकवलेली बचाव-होडी येते. तिथे सवलत भरपूर मिळते, तरी ज्याला बसूनच बघायचं आहे त्याने ती घेऊ नये.

खिडकीतून सौ.ला काय दिसलं तेही सांगतो, कारण खालच्या खिडकीच्या केबिनबद्दल कुणी हे सांगत नाही. पनामा कालवा आपल्या पाटासारखा एका उतारावर वाहणारा नाही. १५ ऑगस्ट १९१४ला सुरू झालेला हा सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग मधल्या डोंगराळ भागात समुद्रापेक्षा २६ मीटर उंचावर आहे. अटलांटिककडून गेलं की गातून इथे तीन हौद लागतात, त्यांना लॉक म्हणतात. जहाज हौदात शिरतं, मागचं दार बंद होतं, वरच्या बाजूचं पाणी भिंतीतल्या आणि तळातल्या बोगद्यांतून आत येतं आणि जहाज उचललं जातं. पंप एकही नाही, सगळं पाणी आपल्या वजनाने येतं. जुन्या हौदाची रुंदी ३३.५ मीटर आणि त्यातून जाणारी मोठी जहाजं सव्वाबत्तीस मीटरपर्यंत रुंद. दोन्हीकडे मिळून सव्वा मीटरसुद्धा जागा उरत नाही. त्यामुळे सौ.च्या खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर ओलं, शेवाळलेलं काँक्रीट आलं. तिला वाटलं, आता दिवसभर हेच बघायचं. मग ती भिंत हळूहळू खाली सरकायला लागली. दहा-एक मिनिटांनी भिंतीचा काठ आला, मग हिरवळ, मग रूळ, आणि रुळावर घंटा वाजवत चाललेलं इंजिन अगदी तिच्या खिडकीसमोर. या विजेच्या इंजिनांना तिथे 'म्यूल' म्हणजे खेचर म्हणतात. जहाज स्वतःच्याच ताकदीने पुढे जातं, ही फक्त दोन्ही बाजूंनी तारा ताणून त्याला मधोमध धरून ठेवतात. पाण्याची रेघ भिंतीवर कशी चढते हे तिने जितक्या जवळून बघितलं तितकं मी वरून बघितलं नाही, आणि माझा तर जन्म दारं वर-खाली करण्यात गेला. पण उतरताना, पॅसिफिकच्या बाजूला, तेच उलटं होतं: हिरवळ वर जाते आणि खिडकीसमोर भिंत उरते. म्हणून खिडकी घ्यायचीच तर दोन-तीन मजले वरची घ्या. बाल्कनीच्या केबिन तशाही वरच्या मजल्यांवर असतात, तिथून भिंतीच्या पलीकडचं बहुतेक वेळ दिसत राहतं.

बाजू कोणती, यावर लोक 'काही फरक पडत नाही' म्हणतात. मला पटत नाही. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणार असाल तर डावी घ्या. इथे जमिनीची पट्टी अशी वळलेली आहे की पॅसिफिककडचं टोक अटलांटिककडच्या टोकापेक्षा पूर्वेला येतं आणि जहाज आग्नेयेला जातं. म्हणून डाव्या बाजूला ऊन सकाळी, आणि दुपारी जेव्हा हवा सोसवत नाही तेव्हा सावली. शिवाय गांबोआपाशी चाग्रेस नदी डावीकडून येऊन मिळते. कुलेब्राची खिंड, म्हणजे डोंगर फोडून काढलेला सुमारे १३ किलोमीटरचा भाग, तिथली गोल्ड हिल डावीकडे. मिराफ्लोरेसच्या लॉकवर प्रेक्षकांची गॅलरी आहे, लोक तिथून हात हलवत असतात, तीही डावीकडे. शेवटी ब्रिज ऑफ द अमेरिकाज खालून बाहेर पडल्यावर पनामा सिटीच्या उंच इमारतीही डावीकडेच. उजवीकडे काय, तर गातूनचं धरण आणि पॅसिफिककडचे नवे कोकोली लॉक. धरण बघायला मी मुद्दाम उजव्या कठड्याला गेलो होतो, पण तुमच्या आई त्यासाठी हट्ट धरतील असं वाटत नाही. उलट दिशेची क्रूझ असेल तर हे सगळं उलटं: उजवी घ्या. अर्धाच कालवा करून गातून तलावातून परत फिरणारी क्रूझ असेल तर बाजूचा विचार सोडून द्या, त्याच तीन हौदांतून दोनदा जायचं असतं.

हा गातून तलाव चाग्रेस नदी अडवून केलेला. त्याचा पाणीसाठा उजनीच्या दीडपट आहे. आपण उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ शोधतो तशीच तिथेही गावं पाण्याखाली गेली आणि डोंगरांचे माथे बेटं होऊन राहिले. एक जहाज पार व्हायला साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. मी डेकवर उभ्या-उभ्या हिशेब केला: एक टीएमसीत सुमारे १४० जहाजं. जिथे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या गावच्या माणसाचा जीव हे बघून तुटतो. २०२३मध्ये तिथे पाऊस कमी झाला तेव्हा त्यांनाही रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. बाबांना असल्या गोष्टींची आवड असेल तर तलावाच्या शांत तासांत बाल्कनीत बसून त्यांना हे सांगा.

एजंटला एक नक्की विचारा: जहाज जुन्या लॉकमधून जाणार की २०१६ला सुरू झालेल्या नव्यातून. नवे हौद ५५ मीटर रुंद आहेत. तिथे खेचरं नाहीत, टगबोटी असतात, आणि भिंत हाताला लागेल अशी जवळ येत नाही. माझं मत विचाराल तर जुन्यातून जाणारं मध्यम आकाराचं जहाज घ्या, केबिन थोडी लहान मिळाली तरी चालेल.

आतली केबिन तुम्ही घ्याल तेव्हा छोटा रात्रीचा दिवा बरोबर ठेवा, आत काळोख अगदी गडद असतो. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की बऱ्याच जहाजांवर खोलीचा एसी थांबतो, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. क्रूझ पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्याने कॅलिफोर्नियापर्यंत जाणार असेल तर तेहुआंतेपेकच्या आखातात हिवाळ्यात जोराचा वारा असतो. केबिन मध्यावरची घ्या म्हणतो ते त्यासाठीही, कारण जहाज टोकांना जास्त हलतं.

आणि केबिनच्याही आधीचं एक काम. पिवळ्या तापाच्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत पनामा आहे, तिथून परतताना लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढे ही लस सरसकट देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी आई-बाबांच्या डॉक्टरांशी बोला. हा कालवा आधी फ्रेंचांनी खणायला घेतला होता; याच पिवळ्या तापाने आणि मलेरियाने त्यांची हजारो माणसं तिथे मेली आणि त्यांना काम सोडावं लागलं. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात सापडले ते १८९७मध्ये, आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत. त्यानंतर अमेरिकनांनी आधी डासांचा बंदोबस्त केला, मग कालवा पुरा झाला.

मिराफ्लोरेसच्या लॉकवर कॅमेरा आहे, इंटरनेटवर थेट दिसतो. आम्ही तिथे पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, सोलापुरात रात्रीचा दीड. आमची मुलगी जागी राहिली होती. तिने तेव्हा काढलेलं चित्र अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाला माणसांची गर्दी आणि त्यात एक पांढरा ठिपका, ती माझी टोपी. तिने लगेच फोन करून विचारलं होतं, "बाबा, तुम्ही दिसलात, पण आई कुठाय?"