नवरा जहाजावरून सात महिन्यांनी घरी येतोय. त्याने आणि मुलाने मिळून घरी काय बनवावं?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून लिहायला बसले. नवरा मर्चंट नेव्हीत, पुढच्या महिन्यात साइन ऑफ होणार, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून बोटीवरून उतरणार. सहा वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर 'हाय पप्पा' म्हणतो आणि पळतो. दोघांची गट्टी जमावी म्हणून घरच्या घरी एखादी वस्तू बनवायला द्यायचं तुमच्या मनात आहे. काय बनवावं आणि सामान कुठे मिळेल, एवढंच तुम्ही विचारलंय.

काहीही बनवा. कंदील, पायपुसणं, पुठ्ठ्याची बोट, जुन्या साड्यांची गोधडी. मुलाला काही फरक पडत नाही. फक्त मॉलमधलं ते खोक्यातलं किट आणू नका. त्यात सगळं आधीच कापलेलं असतं, बापलेक दहा मिनिटांत मोकळे होतात आणि परत आपापल्या मोबाइलवर. तुम्ही लक्ष ठेवा ते एकाच गोष्टीवर: वस्तू बनून झाल्यावर रात्री तिला हात कोण लावतो.

माझा नवरा बोसन आहे. डेकवरची माणसं त्याच्या हाताखाली. गंज खरवडणं, रंग, दोरखंड, सगळं त्याच्याकडे. दोन दोर जोडायचे तर हा माणूस गाठ मारत नाही, दोन्हींचे पीळ सोडून एकमेकांत असे विणतो की सांधा शोधून सापडत नाही. आम्ही लालबागला चाळीत राहतो. चाळीच्या गणपतीचं मखर वर्षानुवर्षं त्याने कापलंय. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आठवडाभर तोंड पाडून बसला होता, मग पुठ्ठ्यावर आला, आणि पुठ्ठ्याचंही मखर असं केलं की लोक हात लावून बघायचे. हात सोन्याचा आहे, मी कुणाहीसमोर म्हणेन. वाकडं त्याच्या हातून होतच नाही. गोम तिथेच आहे.

दिवाळीला मात्र तो २०१७, २०१८ आणि २०१९, तीनही वर्षं बोटीवर. त्यामुळे कंदील मी आणि लेक करायचो. पारंपरिक, कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या पातळ काड्यांचा. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या, त्यांचे सहा चौकोन. एक चौकोन वर, एक खाली, बाकीचे चार मध्ये टोकावर उभे करायचे आणि कोपऱ्याला कोपरा बांधायचा. मधल्या जागेत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. वर पतंगी कागद, खाली शेपट्या. पहिल्या वर्षी लेक पाच वर्षांची होती, तिने फक्त खळ ढवळली आणि अर्धी केसांना लावून घेतली. तिसऱ्या वर्षी चौकोन ती बांधत होती.

मग आलं २०२०. नवरा २०१९च्या ऑगस्टमध्ये चढलेला, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. मे महिन्यात यायला हवा होता. बंदरं बंद, विमानं बंद, रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, मिळेना. नियमाप्रमाणे माणसाला सलग अकरा महिन्यांच्या वर बोटीवर ठेवता येत नाही, पण त्या वर्षी नियम कोण बघतंय? वर्षअखेरीला जगभरात ४ लाखांच्या आसपास खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही अडकले होते म्हणतात. आमचा ऑक्टोबरमध्ये उतरला. चौदा महिने. विलगीकरण वगैरे उरकून घरात पाऊल टाकलं तेव्हा दिवाळीला पंधरा दिवस होते. लेक आठ वर्षांची, शाळा मोबाइलवर. बाप दारात दिसला तर ती माझ्या मागे उभी राहून त्याच्या पिशवीकडे बघत होती.

त्या वर्षी बाजारात जायची सोय नव्हती, म्हणून आम्ही गेल्या वर्षीचाच सांगाडा माळ्यावरून काढला. एक कामटी मोडलेली. लेक म्हणाली, टाकायची नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या हाताला प्लास्टर होतं, ते तिने बघून ठेवलेलं. दोन आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या, मोडक्या कामटीच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि वाण्याच्या पुडीच्या दोऱ्याने गुंडाळून गुंडाळून बांधल्या. मला बजावलं, "मम्मी, हिला आता पाणी नाही लागू द्यायचं." कागद दोनच रंगांचे होते, जांभळा आणि पिवळा, त्यातला पिवळा भेटवस्तूवरून सोडवलेला. प्लास्टरमुळे ती बाजू बोटभर लांब झाली आणि कंदील एका अंगाला कलला. आम्ही त्याला लंगडू म्हणायला लागलो. गॅलरीत टांगला. बापाने बघितला, "अरे वा" म्हणाला. तेवढ्यावर लेक त्या रात्री त्याच्या ताटाशेजारी जेवायला बसली. पहिल्यांदा.

बोटीवरून आलेल्या माणसाला आठवडा-दोन आठवडे रात्री झोप नसते, तुम्हाला माहीतच आहे. तीनला उठून बसतो. बसून काय करणार? याने लंगडू खाली उतरवला.

सकाळी दार उघडलं तर गॅलरीत कंदील टांगलेला, माहीमच्या कंदील गल्लीत ठेवला तर दुकानदार दुप्पट भाव सांगेल असा. प्रत्येक कोपरा सुतळीने आवळलेला, एकसारखे सात-सात वेढे. पांढरा कागद कुठून आणला देव जाणे. शेपट्या कातरलेल्या, सगळ्या एका मापाच्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय सुरेख केलाय हो!" लेक दात घासत बाहेर आली, वर बघितलं आणि मला विचारलं, "हा कोणी विकत आणला?"

रडली नाही. मोरीत जाऊन चूळ भरली. मग कचऱ्याच्या डब्याशी गेली. त्यात जांभळा कागद होता आणि त्या दोन काड्या, दोऱ्यासकट.

मी नवऱ्याला आत बोलावून विचारलं. त्याचं उत्तर एकच, आणि आजतागायत ते बदललेलं नाही. "अगं, पडला असता तो. गॅलरीत वारा किती असतो." मी म्हटलं, कागदाचा कंदील, पडला असता तर पडला असता. "खालून जाणाऱ्याच्या डोक्यात?" कागद डोक्यात पडून काय फुटणार आहे? तर म्हणतो, "सेफ्टी म्हणून काही असतं."

दुपारी नणंदेचा फोन आला. तिला कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. "वहिनी, चौदा महिन्यांनी आलाय दादा. रात्र जागून घरासाठी काहीतरी केलं, त्याचं कौतुक सोडून तू त्यालाच बोल लावतेस? चार दिवसांचा पाहुणा तो." वन्सं हे वाचणार नाहीत, वाचलं तरी माझी हरकत नाही. पाहुणा तो नाहीये, आणि म्हणूनच बोलले. पाहुणा असता तर 'छान झालाय' म्हणून चहा दिला असता. पाहुणा लोकांच्या घरातल्या वस्तू उचकटून परत बांधत नाही.

त्या दिवशी माझ्या बाजूने बोललं ते भलतंच माणूस. सासूबाई. त्या मालवणच्या, मुलाविरुद्ध शब्द काढत नाहीत. त्यांनी डब्यातून काड्या काढल्या, धुतल्या आणि मुलाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवल्या. "चेडवाचो कंदील खय गेलो?" चेडू म्हणजे मालवणीत मुलगी. तो परत वारा सांगायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "पडलो तर पडलो. चेडू परत बांधतला." आणि तांदूळ निवडायला गेल्या.

आता इथे सिनेमात बापाने रात्री लंगडू परत जोडला असता. आमच्याकडे तसं काही झालं नाही. जांभळा कागद फाटलेला होता. पांढरा कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत लटकला, येणारा-जाणारा वाहवा करत होता, आणि लेक त्याखालून मान खाली घालून जायची. बापाशी 'हो', 'नाही', 'जेवले'.

सुटलं ते डिसेंबरात, तेही कुणी ठरवून नाही. कंटाळून याने नागदेवी स्ट्रीटवरून दोर आणला आणि पायपुसणं विणायला बसला. खलाशी लोक करतात तसलं, एकाच दोराचे वेढे एकमेकांखालून-वरून नेत चपटी वेणी पसरवायची. पहिल्या दिवशी लेक बघायला आली तर याने शिकवायलाच घेतलं: हा वर, हा खाली, लक्ष कुठे आहे? ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला भाजी आणायला पाठवलं, मुद्दाम, आणि दोराचा तुकडा जमिनीवर राहू दिला. तो परत आला तेव्हा तिचं निम्मं झालं होतं. पायपुसणं कसलं, जिलबी! एका ठिकाणी दोर खालून जायच्या ऐवजी दोनदा वरूनच गेलेला. याने तोंड उघडलं. कोपऱ्यातून सासूबाई खोकल्या. याने तोंड मिटलं आणि कोथिंबीर निवडायला घेतली. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "पप्पा, इथे काय चुकलंय?" मग सांगितलं. ती जिलबी आजही आमच्या गॅस सिलिंडरखाली आहे. सिलिंडरवाला दर वेळी ती पायाने बाजूला सारतो आणि लेक दर वेळी त्याच्यावर ओरडते.

म्हणून सांगते ताई, तुमचा नवरा आल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याला हँडओव्हर द्या. हसू नका. रिलीव्हर चढला की माझा नवरा त्याला अख्खं डेक फिरवून दाखवतो: ही विंच आवाज करते, घाबरू नकोस, हा वॉल्व्ह अर्धाच फिरव. घरी आला की मात्र विचारपूस नाही, थेट चार्ज. तेव्हा त्याला बसवून सांगा की मुलगा दूध याच कपात पितो, कपाटाचं डावं दार उचलून लावायचं, आणि भिंतीवर चिकटवलेला तो वाकडा हत्ती काढायचा नाही. ही यादी तुम्हीच द्यायची. सासर-माहेरचे 'दमून आलाय, त्याला काही सांगू नकोस' म्हणतील. दमून येतो हे खरंच आहे. दमलेल्या माणसाला आपल्या घरात परकं ठेवायचं हा कुठला आराम?

सामानाचं राहिलंच. कामट्या बुरुडाकडे मिळतात, चोवीस लागतात, पण तीस घ्या, मोडतातच. पतंगी कागद अब्दुल रेहमान स्ट्रीटला ढिगाने. होल्डर आणि वायर लोहार चाळीत. कंदील गल्लीत जरूर जा, पण बघायला. खळ मैद्याची, घरी शिजवा. जुनी माणसं खळीत मोरचूद घालायची, किडे लागू नयेत म्हणून. ते विष आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या हातात नको. कामट्यांची कुसळं बोटात जातात, त्या आधी घासून घ्या, आणि हे काम बापाला द्या. त्याला घासकाम आवडतं.

आणि थोडं माझ्याविरुद्धही लिहिते, नाहीतर नवरा म्हणेल एकतर्फी लिहिलंस. आमच्या तीनही वर्षांच्या कंदिलात, आणि लंगडूतही, मी चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावत होते. आतून कागद तपकिरी झाला होता, हे त्याने उतरवला तेव्हाच दिसलं. त्याने एलईडी लावला. ते बरोबर होतं, आणि मी तेव्हा भांडणाच्या भरात ते बोलले नाही. दुसरं म्हणजे, माझी लेक मनाला लावून घेणारी आहे. तुमचा मुलगा कदाचित नवा कंदील बघून टाळ्या पिटेल आणि मी उगाच एवढं लिहिलं असं होईल. शिवाय तुमचा नवरा इंजिनवाला असेल, तर कागदाला हातच लावायचा नाही, मिक्सर उघडून बसेल.

पण वाऱ्याचं काही मी मान्य करणार नाही. २०१७ साली पडला नाही. २०१८ साली पडला नाही. २०१९ साली तर दिवाळीतही पाऊस होता मुंबईत, तेव्हाही पडला नाही.