मीटरपासून घरापर्यंत अ‍ॅल्युमिनियम चालेल, घरात मात्र तांबंच

तुम्ही विचारलंत, नव्या घराला केबल तांब्याची टाकावी की अ‍ॅल्युमिनियमची. विजेचा मीटर फाटकाशी, घर ४० मीटर आत. वायरमन म्हणतो मधल्या तुकड्याला अ‍ॅल्युमिनियमची केबल टाका, मेहुणे म्हणतात घर एकदाच बांधतो माणूस, सगळीकडे तांबंच टाका. माझं मत विचारलंत तर मधल्या तुकड्यापुरतं वायरमनचं ऐका, आणि घराच्या आत मेहुण्यांचं.

अ‍ॅल्युमिनियमला लोक उगाच कमी लेखतात. वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) तांब्याच्या साधारण ६१ टक्के, पण घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हणून तार जाड घ्यावी लागली तरी वजन निम्म्याच्या आसपासच भरतं. खांबांवरच्या मोठ्या लाइनी त्यामुळेच अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, ताण पेलायला मधे पोलाद.

तुमचा लोड, म्हणजे एका वेळी लागणारी वीज, बोअरची मोटर धरून ५ किलोवॅट, म्हणजे अंदाजे २२ अँपिअर. जाऊन-येऊन ८० मीटर तार झाली. एवढ्या अंतरात ६ स्क्वेअर एमएम (तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे जाडी) तांब्यात साधारण ५ व्होल्ट पडतात, म्हणजे वाटेतच कमी होतात, आणि १० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियममध्येही तेवढेच. मी तुमच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचीच १६ ची आर्मर्ड (वरून पोलादी कवच असलेली) केबल घेईन. ही घट ३ व्होल्टवर येते, आणि मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट उसळतो तेव्हा दिवे तेवढे मान टाकत नाहीत.

आता खरी काळजी कुठे घ्यायची ते सांगतो, कारण अ‍ॅल्युमिनियम बिघडतं ते टोकांवर. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो थर वीज जाऊ देत नाही. शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि स्क्रूखाली दाबून ठेवलं की हळूहळू पसरतं. फुगणं-आकसणं चालू राहिलं की स्क्रू सैल पडतो, सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. अशा जोडात १६ अँपिअरला नुसते २ व्होल्ट पडले तरी ३२ वॅट उष्णता त्या एवढ्याशा स्क्रूवर साठते, म्हणजे डाग देायचं छोटं सोल्डरिंग आयर्न बोर्डाच्या आत सतत चालू ठेवल्यासारखं. आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो! जुन्या अ‍ॅल्युमिनियम वायरिंगचा बोर्ड उघडलात तर पाहा: स्क्रूजवळचं बोटभर इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं असतं, बाकी वायर अगदी नव्यासारखी. अमेरिकेत १९६० च्या दशकात तांबं महागलं तेव्हा घराघरांत अ‍ॅल्युमिनियम टाकलं गेलं आणि आगीच्या तक्रारी याच जोडांमुळे आल्या.

म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना बायमेटॅलिक लग (एका बाजूने अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूने तांबं असलेलं जोडटोक) लावून घ्या. तार ब्रशने घासून, जॉइंट कंपाउंड (ऑक्साइड धरू न देणारी पेस्ट) लावून, लग योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने, म्हणजे लग दाबायच्या खास हत्याराने, दाबायचा, पक्कडीने चेपायचा नाही. तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची तार एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळू देऊच नका. ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. दोन-तीन महिन्यांनी मेन बंद करून टोकं एकदा तपासून घ्या.

घरात तांबं का, तर तिथे पॉइंट गणिक जोड असतात, आणि इतक्या जोडांची अशी निगा कोणी राखत नाही. दिव्या-पंख्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ स्क्वेअर एमएम ठीक.

फक्त ‘कॉपर’ म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर गळ्यात पडू देऊ नका. स्वस्त बंडल समोर आलं की एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. नाहीतर सरळ वजन करा. ९० मीटरच्या २.५ च्या बंडलात नुसतं तांबंच पावणेदोन-दोन किलो असतं, वरच्या पीव्हीसीचं वजन वेगळं. अख्खं बंडलच पावणेदोनच्या खाली भरलं, तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका.