लांब बाह्यांची १९ वर्षं

इंदूरच्या रामबागेतून आलेलं हे पत्र. नाव छापू नका असं लिहिणारीनं बजावलंय. थोडं कमी करून देते.

"मावशी, माझं वय ३६. सतराव्या वर्षी ओठाच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना पांढरे डाग आले. नात्यातल्या एका बाईंनी बावचीचं तेल लावून मला गच्चीवर उन्हात बसवलं. हातांवर टरारून फोड आले. फोड गेले, पण डाग मनगटाच्या वर चढले. तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालते, मे महिन्यातसुद्धा. दोनदा लग्न जमत आलं आणि मोडलं. घरी बसून एका फर्मचे हिशेब लिहिते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एकीनं सगळ्यांना बोटानं कुंकू लावलं, मला तेवढं काडीनं. मग तिथं जाणंही सोडलं.

आता खालच्या मजल्यावरच्या १२ वर्षांच्या मुलीला डोळ्याच्या कडेला आणि गुडघ्यावर तसेच डाग आलेत. डॉक्टरांनी कोडच म्हणून सांगितलंय. ती शाळेत जायला रडते. तिची आई वर आली, 'ताई, तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी.' मी वेळ नाही म्हटलं, दार लावलं आणि रडले. जिला स्वतःला आरशात बघवत नाही ती त्या पोरीला काय धीर देणार? मला बघून ती जास्तच घाबरेल. पण रात्री वाटतं, तिला मी बरं करू शकले तर या जन्माचं काहीतरी सार्थक होईल. काय करू?"

मावशी म्हणालीस, म्हणून तुला तू म्हणते.

तुझ्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मी पुनःपुन्हा वाचली. 'मला बघून ती घाबरेल' ही भीती मला कळते, आणि तिच्यावर उपाय आहे. मला जास्त काळजी वाटली ती 'सार्थक' या शब्दाची. त्याच्याकडे नंतर येते.

आधी एक जुनी हकीकत सांगते. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन नावाचा एक माणूस अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. दारूनं त्याच्या आयुष्याची धूळधाण केली होती आणि ती सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. धंद्याचं काम फिसकटलं. हॉटेलात तो एकटा उभा होता, बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते, आणि पाय तिकडे वळणार हे त्याला कळत होतं. तो टेलिफोनकडे गेला आणि गावातल्या चर्चवाल्यांना फोन लावत सुटला. माझ्यासारखाच एखादा दारुडा मला भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यातून त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. ते सर्जन होते आणि तेही दारूत बुडालेले. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायचं, अशी 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ त्या भेटीतून उभी राहिली.

यातले ते पाच महिने तू लक्षात घ्यावेस असं मला वाटतं. तो माणूस बरा झालेला नव्हता. घसरायच्या बेतात होता, म्हणूनच तर त्यानं फोन लावला. आणि डॉक्टर बॉबना उपदेश ऐकून ऐकून कंटाळा आला होता. या माणसाचं मात्र त्यांनी ऐकलं, कारण तो त्यांच्याच खड्ड्यातून बोलत होता. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. तिथंही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं पुढे समुपदेशक होऊन नव्यांच्या शेजारी बसत आली आहेत. फ्रँक रिसमन या अमेरिकन अभ्यासकानं १९६५ साली लेख लिहून या गोष्टीला नावच दिलं. मदत करणारा स्वतःही त्या मदतीनं सावरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

का सावरतो? मला वाटतं, आपण कोण आहोत हे मन आपल्या वागण्यावरून ठरवत असतं. १९ वर्षं तू रोज सकाळी बाह्या मनगटापर्यंत ओढल्यास. मनानं ते रोज पाहिलं आणि निकाल दिला, ज्या अर्थी झाकतेय त्या अर्थी झाकण्यासारखंच काहीतरी असणार. 'तू छान आहेस गं' असं शंभर जणींनी सांगून हा निकाल फिरत नाही. डाग म्हणजे दागिनेच समज, असलं गोड काही मीही तुला सांगणार नाही. मनाला दुसरा पुरावा लागतो, आणि तो हातांनी केलेल्या कामातून मिळतो. एका पोरीनं काही विचारलं आणि मला नीट उत्तर देता आलं, हा तसा पुरावा आहे.

माझी एक आतेबहीण होती. हातांवर कोड. घरच्या कार्यात ती पंगतीत वाढायला कधी उठायची नाही. तिला कुणी 'नको' म्हटलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून कुठं काय कमी पडलंय ते सांगायची, आणि वाढायच्या आम्ही. मी तेव्हा कॉलेजात होते. मला ते दिसत होतं, तरी एकदाही मी वरणाचं भांडं तिच्या हातात दिलं नाही. ते मला अजून बोचतं. तुझ्या पत्रातली ती कुंकवाची काडी वाचली आणि ती दाराशी उभी असलेली दिसली.

तर तू खाली जा. पण शिकून जा. नुसती माया घेऊन गेलीस तर पोरीच्या पहिल्याच प्रश्नाला गांगरशील.

शिकायचं ते असं. कोड हा रोग ना पापाचा, ना दूध-मासे एकत्र खाल्ल्याचा. शरीराची संरक्षण करणारी व्यवस्थाच चुकून कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. तो स्पर्शानं, उष्ट्यानं, कशानंच लागत नाही. जगात शंभरात साधारण एकाला तो असतो आणि निम्म्या जणांना विशीच्या आत सुरू होतो. त्यामुळे बाराव्या वर्षी येण्यात काही विपरीत नाही. उपचार लवकर सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता जास्त. त्यातही चेहऱ्यावरचे डाग चांगली दाद देतात. बोटांची टोकं आणि ओठ हट्टी. तुझे डाग गेले नाहीत म्हणून तिचेही जाणार नाहीत, हे गणित चूक आहे. लावायची मलमं आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचे प्रकाशाचे उपचार आहेत. मात्र महिनोन् महिने चिकाटी लागते. बऱ्याचदा थायरॉइडची तपासणीही करून घेतात.

बावचीचं तिच्या आईला नक्की सांग, कारण आज ना उद्या कुणीतरी बाटली घेऊन त्यांच्या दारात येणारच. बावचीत सोरॅलेन असतं. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. डॉक्टर तेच द्रव्य मोजून, बेताच्या प्रकाशाबरोबर वापरत आलेत. गच्चीवरच्या उन्हाला कुठलं आलंय माप? शिवाय कोड असलेल्या माणसाची कातडी जिथं भाजते, घासते, खरचटते तिथं नवा डाग उमटू शकतो. फोडांनंतर तुझे डाग वर चढले ते याच कारणानं असू शकेल. 'मी त्या उन्हात का बसले' असं तू स्वतःला विचारत आली असशील तर आता विचारू नकोस. सतरा वर्षांची मुलगी मोठ्यांनी बसवलं तिथं बसली, बस.

आणखी एक गोष्ट आपल्या गावची आहे, ती पुण्यातल्या डॉक्टरला सुचायची नाही. घरात आपण 'कोड' म्हणतो. दाराबाहेर पडलं की हिंदी, आणि हिंदीत 'कोढ़' म्हणजे कुष्ठरोग. त्या पोरीची आई कौतुकानं मराठी बोलत असेल, पण जिन्यात तिच्या मैत्रिणीच्या कानावर तो शब्द पडला की शाळेत काय पोचेल याचा विचार कर. मुलीला बाहेर म्हणायला एक शब्द दे. विटिलिगो म्हण, सफ़ेद दाग म्हण. कुणी 'कोढ़' म्हणालंच तर एका वाक्यात काय सांगायचं तेही तिच्याकडून म्हणवून घे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो, माझ्या डागावर पिसानं शिवलं तरी कळतं. हे सांगताना कुष्ठरोग्यांना मात्र खाली ढकलू नका. तो आजारही औषधांनी ६ ते १२ महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एकीची लाज दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून ती लाज काही संपत नाही.

शिकायची दुसरी गोष्ट म्हणजे गप्प बसणं, आणि ती जास्त अवघड आहे. पोरगी रडली तर लगेच 'रडू नकोस' म्हणू नकोस. चिडली तर चिडू दे. तुझी फोडांची गोष्ट पहिल्या दिवशी काढू नकोस, तिनं विचारलं तर सांग, आणि सांगितलीस तर खरी सांग. ती तीन प्रश्न विचारेल असा माझा अंदाज आहे. हे दुसऱ्याला लागतं का? नाही. वाढेल का? आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून तर औषध वेळेवर घ्यायचं. आणि माझं लग्न होईल का? बारा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न पडत नसतो, तो कुणीतरी बाई तिच्यासमोर बोललेली असते. त्या वेळी तिचं ऐकून घे, आणि नंतर तिच्या आईला वेगळं गाठून सांग की ही चर्चा या घरात बंद. तुझ्यासाठी तेव्हा हे कुणी बोललं नाही. तू बोलू शकतेस.

आता बाह्यांचं. तुला बघून ती घाबरेल असं तू म्हणतेस. हातांना नाही घाबरणार गं. मे महिन्यात मनगटापर्यंत ओढलेल्या बाह्यांना घाबरेल, कारण मुलं आपलं बोलणं ऐकायच्या आधी आपल्याकडे बघतात. म्हणून उद्याच बिनबाह्यांचा ब्लाउज घाल असं मी म्हणत नाही. धाडस करून केलेलं असलं काही दोन दिवसांत अंगावर येतं. वही पुढे ओढताना, चहाचा कप धरताना बाही चार बोटं वर सरकली तर खाली ओढू नकोस. सध्या तेवढं पुरे.

आणि ते 'सार्थक'. तिला बरं करणं तुझ्या हातात नाही, ते औषधाच्या आणि तिच्या कातडीच्या हातात आहे. तिचे डाग गेले तर मी जिंकले, नाही गेले तर माझा जन्म वाया, असा हिशेब मनात ठेवून खाली गेलीस तर त्या लेकरावर दोघींचं ओझं पडेल. ती दर आठवड्याला तुझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवेल, आज वरच्या मावशीला आनंद होण्यासारखं आपल्याकडे काही आहे का. असं होऊ देऊ नकोस. चार महिन्यांनी तिला मैत्रिणी मिळतील, तुझ्याकडे यायला वेळ नसेल, तेव्हा तुला वाईट वाटेल. वाटू दे. पण त्यावर तुझी किंमत ठरवू नकोस.

म्हणून तुझा आधार तिच्याबाहेर हवा. कातडीच्या डॉक्टरकडे तूही जा. १९ वर्षांत उपचार खूप पुढे गेलेत. ओठ-बोटांना गुण कमी येईल, पण हातांचं काय होतं ते बघायला काय हरकत आहे? आणि दार लावून रडणं जर रोजचं असेल, झोप उडाली असेल, जगण्याचाच कंटाळा मनात येत असेल, तर ते आधी. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीतही बोलता येतं. फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही, घरात कुणाला सांगायचीही गरज नाही.

खाली निरोप पाठव. 'वेळ नाही' म्हटलं होतं ते कसं फिरवू, असं वाटत असेल तर सरळ सांग, 'त्या दिवशी मला सुचलं नाही.' तिला समजेल. मुलीला 'समजवायला' पाठवा असं म्हणू नकोस. तू हिशेबाची माणूस, गणिताची वही घेऊन वर पाठवा म्हण, रविवारी, अर्धाच तास. डागांचा विषय तू काढू नकोस. दोघींना एका वहीत वाकून बसायचं म्हणजे हात टेबलावर येणारच, तिचेही आणि तुझेही.

काय झालं ते कळव. छापणार नाही.

तुझी
मावशी