चार पर्याय नसलेला पेपर

"मॅडम, तीन-तीनदा वाचतो, तरी वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टर व्हायची माझी लायकीच नसेल का?"

पहिल्या इंटर्नलचे मार्क लागले की फर्स्ट एमबीबीएसची मुलं माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. हा मुलगा लातूरला दोन वर्षं क्लास करून आलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ॲनाटॉमीत नापास, बायोकेमिस्ट्रीत काठावर. घरी सांगितलं नव्हतं, झोप जेमतेम चार तास. जगणं नकोसं वाटतं का, हे मी आधी सरळ विचारलं. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. "तसं नाही, पण घरी जायची लाज वाटते," म्हणाला.

मग कोरा कागद पुढे केला. काल रात्री काय वाचलंस? ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं. काढ. सी५ ते टी१ ही पाच मुळं त्यानं झरझर काढली, तीन ट्रंक जोडल्या आणि हात थांबला. पुढच्या सहा डिव्हिजनपैकी कोणती कुठल्या कॉर्डला जाते, आठवेना. पुस्तक उघडलं तर म्हणतो, "अहो, हे तर येतं मला!"

गोम इथेच होती. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, 'नीट'ला, १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. उत्तर समोरच असतं, ते ओळखायचं. दोन वर्षं त्यानं तेच घोटलं होतं, आणि चांगलं घोटलं होतं. इथे मात्र कोऱ्या पानावर लिहायचं, आणि वायव्हाला हातात हाड देऊन विचारतात, "उजवं की डावं? कशावरून?" न बघता आठवण्याचा सराव त्याच्याकडून कुणी करूनच घेतला नव्हता. याला मी बुद्धी कमी असणं कधीच म्हणणार नाही.

ठरलं ते एवढंच: एकदा वाचायचं, पुस्तक मिटून काढायचं, चुकलेलं लाल पेननं दुरुस्त करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा. आणि सात तास झोप, कारण वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतही चालतं.

बायोकेमिस्ट्रीसाठी म्हटलं, मी डॉक्टर नाही, मला मराठीत समजाव. मलेरियावरचं प्रायमाक्वीन काहींना का सोसत नाही? तो अडखळत सुरू झाला. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया नसतात, म्हणून एनएडीपीएच हे बचावाचं रसायन मिळवायला तिला पेंटोज फॉस्फेट या प्रक्रियेचाच रस्ता. त्यातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी पडलं, तर औषधाच्या माऱ्यापुढे पेशी टिकत नाही, फुटते. सांगता सांगता तो खुर्चीच्या कडेला सरकला होता. "मॅडम, हे पाठ नव्हतं केलं मी!"

त्याच संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्यानं वडिलांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "जेवलास का?"

परवा फोटो आला. होस्टेलच्या खोलीच्या दारावर खडूनं काढलेला प्लेक्सस, पोस्टेरियर कॉर्ड दोनदा खोडलेली.