कृषी सल्ला: पाऱ्याचा आकडा नव्हे, हवेचा कोरडेपणा बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो, उन्हाळा लागला की प्रश्न जवळपास तेच येतात, पण उत्तर दरवेळी वावर बघूनच द्यावं लागतं. या आठवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी येवल्याच्या प्रश्नावर जास्त लिहितो, कारण बाकीच्या प्रश्नांचं मूळही तिथेच आहे.

येवल्याहून एका शेतकऱ्याने विचारलंय: "उष्णतेची लाट जाहीर झालेली नाही, नाशिकचं तापमान ३८ च्या आत आहे. तरी आठ दिवसांत उन्हाळ कांद्याच्या पातीचे शेंडे करपले. फवारणी कोणती घेऊ?"

दादा, आधी फवारणीचं थांबवा. सकाळी वावरात जाऊन वेगवेगळ्या वाफ्यांतली पाच-सहा रोपं उपटा आणि पातीच्या बेचक्यात बघा. तिथे पिवळसर बारीक किडे पळताना दिसले, पातीवर चंदेरी चट्टे असले, तर ते फुलकिडे. बेचकं स्वच्छ असेल आणि पात फक्त शेंड्याकडून वाळत आली असेल, तर तो बहुधा हवेचा चटका आहे. त्याला औषध नाही.

हवामान खातं सपाट भागात लाट कधी म्हणतं? पारा किमान ४० वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढला तर, किंवा थेट ४५ ला टेकला तर. हा निकष मुख्यतः माणसांच्या काळजीचा आहे. पिकाला लाट कळत नाही, त्याला कळते ती हवेची तहान. ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा ही ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा दुपटीहून जास्त ओढीने पानातलं पाणी खेचते. येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इगतपुरीत ३००० मिमीच्या पुढे पाऊस पडतो, इकडे ५०० च्या आसपास. ५०० ते ६५० मीटर उंचीचं उघडं माळरान, निरभ्र आकाश, जमिनीत ओल नाही. म्हणून पहाटे गोधडी लागते आणि दुपारी झळा बसतात. नाशिक शहराचा आकडा तुमच्या वावराचा आकडा नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन साधे तापमापक सावलीत टांगा, एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा. दोघांतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. फरक वाढलेल्या दिवसांत पाणी संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे द्या, थोडं आणि लवकर लवकर.

काढणी जवळ आली असेल तर मात्र उलटं. निम्म्या रोपांच्या माना पडल्या, म्हणजे पात कांद्यापाशी मऊ होऊन आडवी झाली, की कांदा तयार समजा, आणि काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. करपलेली पात बघून शेवटचं एक पाणी देण्याचा मोह होतो, तेच पाणी पुढे चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सड आणतं. काढलेला कांदा वावरात असा पसरा की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. उघडा राहिला तर उन्हाकडच्या बाजूला पांढरट डाग पडतो, बोटाने दाबलं की मऊ लागतो, आणि चाळीत पहिली सड तिथूनच धरते. तीन-चार दिवसांनी बोटभर मान ठेवून पात कापा आणि १० ते १२ दिवस सावलीत सुकवून मगच चाळीत भरा.

सिन्नरचा प्रश्न: "दोन शेततळी आहेत, दोन्ही अर्धी. पाणी मेअखेर पुरेल का?" ३० मीटर बाय ३० मीटरच्या तळ्यावरून दिवसाला ८ मिमी पाणी उडालं, तर ते ७,२०० लिटर होतं. म्हणजे रोज जवळपास एक लहान टँकर, तोही पिकाला थेंब न मिळता. दोन तळी म्हणजे दोन टँकर. दोन्हीतलं पाणी एका तळ्यात मावत असेल तर आजच एकात घ्या. उघडा पृष्ठभाग जवळपास निम्म्यावर येतो आणि उडणारं पाणीही. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा शेडनेटचा आडोसा करा. ठिबकखाली पाचट किंवा वाळलेलं गवत अंथरा, उघडी माती ठेवू नका.

निफाडच्या द्राक्ष बागायतदाराने खरड छाटणी (द्राक्षं काढून झाल्यावर उन्हाळ्यात करायची छाटणी) ऊन कमी होईपर्यंत लांबवावी का, असं विचारलंय. लांबवू नका. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीत घडनिर्मिती होते आणि त्यासाठी स्वच्छ ऊन लागतं. मेच्या मध्यावर छाटणी केलीत तर नेमके हे दिवस जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतील. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. छाटणीआधी बोद, म्हणजे वेलीखालचा मातीचा उंच वरंबा, चांगला भिजवून घ्या. डोळे फुटेपर्यंत ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या जाड फांद्यांवर) दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा, नाहीतर कोरड्या हवेत डोळे मागेपुढे फुटतात.

वळवाबद्दल थोडक्यात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपण कोणी विसरलेलो नाही. खूप तापलेली दुपार आणि अचानक आलेला दमट वारा दिसला की संध्याकाळी ढग चढू शकतात. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' ॲपवर आपल्या जिल्ह्याचा बघत चला. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप ठेवा. काढलेल्या कांद्याजवळ ताडपत्री हाताशी असू द्या, पण ऊन पडताच ती उघडा, नाहीतर कांद्याला आत घाम सुटतो. आणि कडकडाट सुरू झाल्यावर ताडपत्री टाकायला वावरात धावू नका. झाडाखालीही थांबू नका, पक्क्या घरात जा. कांदा भिजला तर वाळवता येईल.