डिसेंबरात लग्न आहे, त्याआधी बाप्तिस्मा उरकून घेता येईल का?

नाही येणार. आणि ती उरकायची गोष्टही नाही.

तुम्ही लिहिलंय की होणारा नवरा वसईचा कॅथलिक आहे, लग्न चर्चमध्ये आहे आणि त्याच्या घरचे म्हणतात, 'आधी पाणी घेऊन टाक, म्हणजे पुढे कटकट नको.' तर किती दिवस लागतात, परीक्षा असते का, नाव बदलावं लागतं का. हे वाचून मला गप्प बसवेना. नेमकं हेच वाक्य २००६ साली साखरपुड्याच्या दिवशी माझ्या आतेसासूबाई माझ्या आईसमोर बोलल्या होत्या. पेढ्याचा पुडा आईच्या हातात तसाच राहिला.

लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यावाच लागतो हे साफ चूक आहे. बिशपांची परवानगी काढावी लागते, त्याचे कागद फादरच पाठवतात. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचं असतं, तुम्ही नाही. तुम्हाला त्याची कल्पना दिली जाते, एवढंच. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यालाही दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला की पुरतं. माझं लग्न तसंच लागलं. नाव तेच, टिकली तीच, आणि जुन्नरहून आलेले माझे वडील, आबा, गळ्यात तुळशीची माळ घालून पहिल्या बाकावर.

त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं मी दर रविवारी नवऱ्याबरोबर मिस्सेला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, जात होते. कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याची, वेळ झाली की आमचा बाक उठायचा आणि मी गुडघे एका बाजूला वळवून सगळ्यांना वाट करून द्यायची. कधी कुणी हटकलं नाही, कुणी ओढलंही नाही. सासूबाई तर चकार शब्द बोलल्या नाहीत.

२०१५ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत फादर घरी आले, कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मग ख्रिस्तप्रसाद द्यायचा होता, पण त्यांना गिळवत नव्हतं. फादरांनी त्या पातळ गोल भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला आणि मला म्हणाले, 'चमचाभर पाणी आणा.' चमचा मीच धरला होता. तो तुकडा पाण्याबरोबर आत गेला आणि त्यांनी डोळे मिटले. तो चेहरा मी विसरू शकले नाही. ज्या घासासाठी ही बाई मरताना तोंड उघडते, तो घास काय आहे, हे मला कळून घ्यायचं होतं. नवऱ्यासाठी नाही, त्याच्या घरासाठी नाही.

ऑक्टोबरात मी फादरांकडे गेले. वाटलं होतं आनंदाने पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पहिलंच विचारलं, 'माहेरी सांगितलंय?' मी म्हटलं, नाही. 'मग या ईस्टरला नाही. आधी वडिलांना सांगा, मग बोलू.' मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा सहसा ईस्टरलाच होतो; अशी मी २०१६ च्या ईस्टरला मागेच राहिले. तेव्हा राग आला होता. आज त्या माणसाचे उपकार मानते.

प्रौढांच्या दीक्षेचा, म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा घेण्याचा, हा सगळा क्रम ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतला आहे. मधे तो लोपला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, तो परत आणायचं ठरवलं आणि १९७२ साली त्याचा विधी आला. आधी नुसती विचारपूस, हवं ते विचारायचं. मग एका रविवारी चर्चच्या दारात तुम्हाला विचारतात, 'काय हवं आहे?' कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण करतात. तिथून तुम्ही दीक्षार्थी. आमच्याकडे दर मंगळवारी संध्याकाळी सिस्टर शिकवायच्या. आम्ही चौघं होतो, त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर. लेखी परीक्षा नसते. पण 'का?' हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या बाजूंनी विचारतात की खोटं उत्तर फार काळ टिकत नाही.

आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. प्रवचन झालं की दीक्षार्थींना बाहेर पाठवतात, प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा, भाग सुरू होण्याआधी. नऊ वर्षं मी आत बसत होते; आत यायचं ठरवलं आणि बाहेर निघावं लागलं! पहिल्या रविवारी व्हरांड्यात उभी राहून रडले. सगळीकडे बाहेर पाठवतातच असं नाही, पण पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. भूक लागावी म्हणून ते असतं.

आबांना सांगायला जुन्नरला गेले तेव्हा ते ओसरीवर शेंगा फोडत होते. बराच वेळ नुसत्या टरफलांचा आवाज. मग एकच विचारलं, 'तिथं नाम घेतात का?' मी म्हटलं, घेतात. त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. दादा मात्र आतून ओरडतच आला. 'विहिरीत पाव टाकून बाटवलेली माणसं ती! चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली ती काय यासाठी?' हे भांडण आज इतक्या वर्षांनीही संपलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. दादा, पोर्तुगीज काळात जे जबरदस्तीने झालं ते वाईटच होतं, त्याची बाजू मी घेत नाही. पण माझ्या विहिरीत कुणी काही टाकलं नाही. २०१७ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिसऱ्या रविवारी आम्हाला पुढे बोलावून आमच्यासाठी प्रार्थना झाली, त्या दिवशीचं वाचन बायबलमधल्या शोमरोनी बाईचं होतं. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत, आणि भर दुपारी विहिरीवर बसलेला येशू, स्वतः यहुदी असून, त्या बाईकडेच पाणी मागतो. बाटवायला आलेला माणूस आधी समोरच्याच्या हातचं पाणी मागत नाही.

१५ एप्रिल २०१७, ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जागर. आबा आले. दादा आला नाही. आबांना खटकलं होतं ते माझ्या पांढऱ्या साडीचं: सवाष्णीनं पांढरं नेसायचं? दीक्षेचं वस्त्र एरवी पांढरंच असतं, पण स्थानिक रीतीप्रमाणे दुसरा रंगही चालतो. मी पांढरी, ठसठशीत लाल काठाची नेसले. चर्च पूर्ण अंधारात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती, आणि तिच्यावरून हातोहात सगळ्यांच्या. आबांच्या बोटावर मेण सांडलं तरी त्यांनी मेणबत्ती सोडली नाही. वाचनं झाली, संतांची नावं घेत आळवणी झाली, सैतानाचा त्याग, श्रद्धेचा अंगीकार, आणि मग डोक्यावर तीनदा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. लगेच दृढीकरणाचं, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराचं, सुगंधी तेल. त्यानंतर तो घास. त्याबद्दल लिहीत नाही. चव मैद्याचीच असते, एवढं सांगते. आणि आता दोघांचाही बाप्तिस्मा झालेला, म्हणून त्या रात्री आमचं लग्नही चर्चच्या दृष्टीने आपोआप पवित्र संस्कार झालं, पुन्हा लावावं लागलं नाही.

बाहेर आल्यावर आबांनी उपरण्याने माझे केस पुसले. म्हणाले, 'रात्रीची ओली राहू नकोस, सर्दी होईल.' दुसरं काही नाही.

तर तुमच्या प्रश्नांकडे येते. साधारण एक वर्ष धरा. मला विचारल्यापासून दीड लागलं. नाव बदलावं लागत नाही, ख्रिस्ती भावनेला विरोधी नसलं की झालं. गॉडमदर किंवा गॉडफादर हवा: दृढीकरण झालेला कॅथलिक, सोळा वर्षं पूर्ण, आणि तुमचा पालक नसलेला. होणाऱ्या सासूला करू नका, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवणार नाही. बाप्तिस्म्याआधी पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, नसतं, त्या पाण्याने मागचं सगळं धुतलं जातं. तुम्ही आधीच प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला असेल तर हे सगळं लागू नाही. पुन्हा पाणी देत नाहीत, वाट बरीच छोटी असते. जिवावर बेतलं असेल तर तत्काळही देतात.

आणि हेही सांगायला हवं. तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल तर ख्रिस्ती झाल्यावर १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार तो दर्जा जातो, नोकरी-शिक्षणाचा विचार आधी करा. माहेर मध्य प्रदेश किंवा उत्तर प्रदेशातलं असेल आणि विधी तिकडे करणार असाल तर ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा कायदा आहे. बाकी ठिकाणचं वकिलाला विचारा.

डिसेंबरात आहात तशाच लग्न करा. नंतर कधी तहान लागली तर फादरांकडे जा, पण एकट्या जा. नवऱ्याला बाहेर गाडीत बसू दे.