हृदयस्नायूचा दाह : घरी आल्यानंतर पुढे काय?

हृदयस्नायूचा तीव्र दाह, म्हणजे अक्यूट मायोकार्डायटिस, या आजारासंबंधी ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. निदान कळल्यानंतर पुढे काय होणार, ही बहुतेक पत्रांतली काळजी आहे. म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा, कबड्डी खेळतो. ताप-सर्दीनंतर आठवडाभराने छातीत दुखू लागले. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन खूप वाढलेले, पण अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही. मायोकार्डायटिस असल्याचे सांगितले. पंपिंग ५५ टक्के. पाच दिवसांनी घरी सोडले. ट्रोपोनिन एवढे वाढले होते, म्हणजे हृदय कायमचे अधू झाले का? (ऐरोली)

उत्तर : नाही. आधी पंपिंगबद्दल, कारण अनेक पत्रांत तोच गैरसमज आहे. ५५ टक्के म्हणजे ४५ टक्के हृदय गेले असे नव्हे. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. तुमच्या मुलाचा आकडा त्या पट्ट्यात आहे.

ट्रोपोनिन हे दुखावलेल्या स्नायूपेशींतून रक्तात उतरणारे प्रथिन. निदानाला त्याचा मोठा उपयोग, पण एकट्या त्या आकड्यावरून भविष्य सांगता येत नाही. ते मुख्यतः भरतीच्या वेळच्या तीन गोष्टींवरून कळते. पहिल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली होते का? हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी घातक लय, म्हणजे व्हीटी, टिकून राहिली का? आणि रक्तदाब धरून ठेवायला औषधाच्या ड्रिपचा किंवा यंत्राचा आधार लागला का? इटलीतल्या लोंबार्डी भागातील १९ रुग्णालयांनी ४४३ रुग्णांच्या नोंदी २०१८ साली प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांत या तिन्हींपैकी काहीही नव्हते, आणि त्या गटात सात वर्षांपर्यंत हृदयविकाराने एकही मृत्यू झाला नाही, हृदय बदलण्याची वेळही कुणावर आली नाही. उरलेल्या चतुर्थांशात मात्र मृत्यू किंवा हृदयप्रत्यारोपण हे वर्षभरात सुमारे ११ टक्क्यांच्या आणि सात वर्षांत सुमारे १५ टक्क्यांच्या वाट्याला आले. आजाराचे नाव एकच, पण रुग्णांचे गट दोन, आणि त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या. म्हणून डिस्चार्ज कार्डावर या तीन गोष्टी स्पष्ट लिहून मागा. ‘मायोकार्डायटिस, प्रकृती स्थिर’ एवढ्यावर पुढचा डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही.

एक तपासणी राहिली असेल तर करून घ्या : हृदयाचा एमआरआय, कॉन्ट्रास्ट देऊन. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत केला तर सूज सर्वांत चांगली दिसते; उशीर झाला की ती ओसरते आणि निदान निसटते. हाच एमआरआय तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा केला की सूज गेली का आणि व्रण किती उरला हे कळते. व्रण डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीत, वरच्या थरात असेल तर काळजी कमी. दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधल्या थरात असेल तर पंपिंग चांगले असूनही लक्ष अधिक ठेवावे लागते. रिपोर्टमध्ये केवळ ‘व्रण आहे’ असे लिहिले असेल तर तो कुठे आहे हे जरूर विचारा.

प्रश्न : माझी पत्नी ३१ वर्षांची. महिन्यापूर्वी याच आजाराने आयसीयूत होती. तेव्हा पंपिंग ३२ होते, आता ४६ आहे. पाच प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. बरे वाटते म्हणून ती त्या कमी करायचे म्हणते. (कोपरखैरणे)

उत्तर : कमी करू नका, आणि स्वतःहून तर मुळीच नाही. या आजारात ढोबळमानाने निम्मे रुग्ण दोन ते चार आठवड्यांत सावरतात, सुमारे चतुर्थांशांचे पंपिंग पुढेही कमी राहते आणि १२ ते २५ टक्के रुग्ण झपाट्याने बिघडू शकतात किंवा त्यांचे हृदय हळूहळू फैलावत जाते. ३२ वरून ४६ ही चाल उत्तम आहे, पण ती गोळ्यांच्या आधाराने झालेली आहे. फैलावलेले हृदय पूर्ववत झालेल्या लोकांवर इंग्लंडमध्ये एक चाचणी झाली. गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केलेल्या २५ जणांपैकी ११ जणांचा आजार सहा महिन्यांत परतला. तो आजार तंतोतंत हाच नसला तरी स्नायू सावरण्याची रीत जवळची आहे. पंपिंग पूर्ववत होऊन काही महिने तसेच टिकले, की मगच कोणती गोळी आधी कमी करायची याचा विचार हृदयरोगतज्ज्ञ करतील.

या गोळ्यांबाबत काही गोष्टी दवाखान्याच्या गडबडीत सांगायच्या राहून जातात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वलसार्टन यांनी गर्भाला इजा होते. त्यामुळे पत्नीच्या वयात गर्भनिरोधाचा विषय डॉक्टरांकडे आपणहून काढा, आणि पाळी चुकली तर त्याच दिवशी कळवा. याच गोळ्यांबरोबर स्पिरोनोलॅक्टोन असेल तर रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. अशक्तपणा आहे म्हणून रोज दोन शहाळी, किंवा ‘हृदयाला चांगले’ म्हणून लो सोडियम मीठ, हे टाळा. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असते. डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर नवरात्राचे कडक उपवास किंवा उलट्या-जुलाब चालू असताना ती थांबवायची का हे विचारून घ्या. मेटोप्रोलॉल किंवा कार्वेडिलॉल एकदम तोडू नका, नाडी उसळते.

घरात एक वजनकाटा हवा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असते. सूज दिसायच्या किंवा धाप लागायच्या आत फोन करा. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळ्या पदार्थांतले मीठ आले. लोणचे, पापड, वेफर्स आणि सुके बोंबील, सुकट यांनी हे गणित एका ताटात बिघडते. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको : मीठ-पाणी साठते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तापाला, दुखण्याला पॅरासिटामॉल चालते.

घातक लय उठली तर शॉक देऊन ती मोडणारे छातीतले कायमचे यंत्र, आयसीडी, बसवण्याची बोलणी कुणी लगेच सुरू केली तर विचारा की थांबता येईल का. दाहाच्या काळात पंपिंग कमी आहे एवढ्याच कारणावरून ते सहसा बसवत नाहीत. तीन ते सहा महिने औषधे देऊन पुन्हा मोजतात.

प्रश्न : आमच्या मंडळातल्या एका खेळाडूला मायोकार्डायटिस झाला होता. महिना झाला, तो म्हणतो आता काहीच होत नाही. सरावाला घ्यावे का? (कळवा)

उत्तर : नाही. प्रशिक्षकाने ठाम राहायची ही जागा आहे. तरुण खेळाडूंच्या मैदानावरील अचानक मृत्यूंमागे जी कारणे सापडतात, त्यांत हृदयस्नायूचा दाह एक आहे. सूज असलेल्या स्नायूत विजेचा प्रवाह वेडावाकडा फिरतो, आणि जोराच्या व्यायामात अंगात उसळणारे ॲड्रिनलिन त्याला चिथावणी देते. हा दाह घडवू शकणारा कॉक्सॅकी विषाणू दिलेल्या उंदरांना पोहायला लावल्यावर त्यांच्या हृदयात विषाणू आणि हानी दोन्ही वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. खेळाडूला छान वाटते हा पुरावा धरू नका, कारण दम आणि दुखणे सूज ओसरण्याच्या आधीच थांबते.

प्रचलित नियम तीन ते सहा महिने स्पर्धा आणि जोराचा सराव बंद असा आहे. अगदी सौम्य रुग्णांत अलीकडे हा काळ व्यक्तीनुसार कमी करण्याकडे कल आहे, पण तो निर्णय तपासण्या पाहून हृदयरोगतज्ज्ञाने करायचा. परतण्याआधी ट्रोपोनिन सामान्य, इकोत पंपिंग सामान्य, २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगाला लावून ठेवायच्या ईसीजी यंत्रात) घातक ठोके नाहीत आणि ट्रेडमिलवर पूर्ण जोर लावूनही लय स्थिर, एवढे हवे. शक्य असेल तर एमआरआयही. तोवर तलावपाळीला सपाटीवर, बोलता बोलता चालता येईल इतपत चालणे पुरे. येऊरचा चढ, पावसाळी मॅरेथॉन, जिममधले वजन आणि ‘एक चढाई करून बघू’ हे सगळे बंद. होल्टर लावलेल्या दिवशी पलंगावर झोपून राहू नये. नेहमीची कामे करावीत, नाहीतर यंत्राला काही सापडत नाही.

प्रश्न : लहान मुलांत हा आजार पोटदुखीसारखा दिसतो असे ऐकले. ओळखायचा कसा? (घणसोली)

उत्तर : बरोबर ऐकलेत. मूल ‘छातीत दुखते’ म्हणत नाही. उलट्या, पोटदुखी, खाणे सोडणे, भराभर श्वास, निस्तेज चेहरा हीच लक्षणे असतात, आणि ॲसिडिटी, पोटाचा संसर्ग किंवा दमा समजून एक-दोन दिवस जातात. घरी करता येईल अशी गोष्ट म्हणजे नाडी मोजणे. तापात दर अंशाला, म्हणजे एका सेल्सिअसमागे, नाडी साधारण दहाने वाढते. पण ताप उतरला, मूल शांत झोपले आणि तरीही सहा वर्षांच्या मुलाची नाडी १३०-१४० असेल, हातपाय गार असतील, तर रात्र काढू नका. बालरोगतज्ज्ञाला सांगा : ‘ताप नाही तरी नाडी उतरत नाही.’ ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि इको यांवरून उलगडा होतो. याचे महत्त्व असे की, उलट्यांमुळे पाणी कमी झाले समजून सलाइन भरभर चढवले तर अशक्त हृदय ते पेलू शकत नाही आणि फुप्फुसांत पाणी होते. एका सलाइननंतर मूल सुधारण्याऐवजी श्वास वाढला, यकृत खाली हाताला लागू लागले, तर पुढची बाटली थांबवून इको पाहावा.

प्रश्न : धाकटा दीर व्हेंटिलेटरवर आहे. मोठ्या रुग्णालयात हलवून ‘एक्मो’ लावावे लागेल म्हणतात. काही आशा असते का? (ठाणे पश्चिम)

उत्तर : असते, आणि म्हणूनच वेळ महत्त्वाचा. तासा-दिवसांत कोसळणाऱ्या या प्रकारात जिवाला धोका सर्वांत जास्त असतो. एक्मो हे यंत्र शरीराबाहेर रक्त फिरवून हृदयाला उसंत देते. ज्यांना ते लावावे लागते त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण वाचून घरी जातात. मूत्रपिंडे आणि यकृत निकामी झाल्यावर ते लावले तर फायदा घटतो. लघवी कमी होणे, रक्तातले लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडल्याची खूण) चढत जाणे, रक्तदाबाच्या औषधांचे डोस सतत वाढणे, या खुणा दिसताच हलवायचा निर्णय घ्यावा, आणि जिथे नेणार तिथे एक्मोचा चमू त्या क्षणी मोकळा आहे का हे इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना फोनवर विचारलेले असावे. खर्च मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

आणखी एक विचारा : हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासणार का? अशा कोसळलेल्या रुग्णात, किंवा हृदयाचे ठोके अडत असतील तर, बायोप्सीने उपचार बदलू शकतात. जायंट सेल नावाचा प्रकार निघाला तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लगेच द्यावी लागतात. नुसत्या यंत्राच्या आणि ड्रिपच्या आधारावर तो सहसा बरा होत नाही. साध्या विषाणूजन्य दाहात मात्र सरसकट स्टेरॉइड देऊन फायदा दिसलेला नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जावे लागते. लेप्टोने हृदयाला त्रास होतो का? (नेरूळ)

उत्तर : लेप्टोत, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापात, होऊ शकतो, डेंग्यूतही होतो. ताप उतरत असताना छातीत धडधड, चक्कर किंवा पडल्यावर वाढणारी धाप सुरू झाली तर त्याच दिवशी ईसीजी करा. पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायचे का, हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते.